फळ्यासाठी एक अर्ज

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला, पहिल्याच तासाला इंद्रजीत सरांनी प्रत्येकाला उभं करून आवडत्या लेखकाचं नाव विचारलं. पुढच्या बाकांवरून अशी एकेक भारदस्त नावं यायला लागली, की ऐकणाऱ्यानं आपोआप ताठ बसावं. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि जे खरं होतं ते सांगितलं.

"गुरप्पाकाका."

"कोण?"

"गुरप्पाकाका, सर. आमच्या गल्लीत राहतात."

"पुस्तकं कुठली त्यांची?"

"पुस्तक नाही सर. फळ्यावर लिहितात. रोज."

वर्ग हसला. चांगली दोन मिनिटं हसला. हसणाऱ्यांपैकी दोघं पुढं शॅम्पूच्या जाहिराती लिहायला पुण्याला गेले, हे मी मनात कसलाही आकस न ठेवता इथं नमूद करते.

आता फळा म्हणजे काय ते सांगायला हवं. सोलापुरात बंद गिरणीच्या मागं आमची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची जुनी टाकी, टाकीला भिंत आणि भिंतीवर तो फळा, पाच फूट बाय तीन फूट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. गुरप्पाकाका गिरणीत पाळ्यांचा फळा लिहायचे. गिरणी गेली, हाताची सवय काही गेली नाही. रोज सकाळी सातला धोतराचा सोगा खोचून ते स्टुलावर चढायचे आणि गल्लीची बातमी लिहायचे. चार ओळी, कधी तीनच. वरच्या कडेला पांढऱ्या ऑइल पेंटनं कायमचं रंगवलं होतं, 'खोटं असल्यास पुसावे', आणि शेजारी खिळ्याला फडकं. कुणीही यावं, वाचावं, खोटं वाटलं तर फडकं घेऊन पुसून टाकावं. संध्याकाळी काका स्वतःच सगळं पुसायचे. वही नाही, नक्कल नाही, काही नाही.

नमुना म्हणून सांगते. 'बजाबाईंची म्हैस काल हरवली होती. म्हैस आपली आपण घरी आली. बजाबाई अजून शोधत आहेत. दिसल्यास घरी पाठवावे.' किंवा, 'रिक्षा स्टँडवरचं लिंबाचं झाड तोडलं. कुणी तोडलं ते सगळ्यांना माहीत आहे. सावलीत सहा जण बसायचे.' आणि मी सातवीत असताना एक सकाळ, 'सावित्रम्मा काल गेल्या. जन्मभर विड्या वळल्या. त्यांचे हात रिकामे काल पहिल्यांदा पाहिले.'

ते वाचून मी दप्तरासकट टाकीच्या कट्ट्यावर बसून रडले होते. सावित्रम्मा माझ्या कुणी लागत नव्हत्या. दारावरून जाताना त्यांच्याकडं मी कधी धड बघितलंही नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की लिहायचं तर असं, नाहीतर आपलं गणित बरं होतं.

पुसण्याचंही एक सांगते. एकदा काकांनी लिहिलं, की फुलाबाईंनी सुनेशी भांडण काढलं. फुलाबाई म्हणजे आमच्या समोरच्या, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली माणसं आपलं बोलणं थांबवतात. त्या आल्या आणि त्यांनी फळा खसाखसा पुसला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, 'कालचं फुलाबाईंनी पुसलं. मी भांडण ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पुसलं ते बरं केलं.' एवढ्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांत असला खुलासा मी कधी वाचलेला नाही, आणि मी खुलासे आवडीनं वाचते.

तर दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायची वेळ आली आणि मी विषय दिला, 'गुरप्पाकाकांचा फळा'. सर म्हणाले, एवढं सोपं नाव प्रबंधाला चालत नाही. त्यांनी ते दुरुस्त करून 'नागरी वस्तीतील फलक-पत्रकारिता : एक चिकित्सक अभ्यास' असं केलं. मी रोज सकाळी सातला जाऊन फोटो काढायला लागले. एकशे चौऱ्याहत्तर फोटो झाले. काका स्टुलावरून बघायचे आणि म्हणायचे, "लग्नात बी एवढे काडत न्हाईत की गं."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग सरांनी परिशिष्ट काढलं.

"महेश्वरी, हा फळा अस्तित्वात आहे याला पुरावा काय?"

"सर, एकशे चौऱ्याहत्तर फोटो आहेत."

"फोटो कुणीही काढतं. बाहेरून परीक्षक येणार. नोंदणी असेल, परवानगी असेल, काहीतरी कागद लाव. परिशिष्ट क."

मी काकांना विचारलं, फळ्याचा काही कागद आहे का? काका म्हणाले, "कागद कशाला? फळा दिसतोय की." इतकं साधं उत्तर मला पटायला हवं होतं. पण माझं शिक्षण झालं होतं ना! मी फाइल उचलली आणि महापालिकेचं झोन ऑफिस गाठलं.

खिडकीतल्या मॅडमचं नाव रेश्मा होतं. बाई स्वभावानं फार चांगली. तिनं मला बसायला खुर्ची दिली आणि पुढं जे घडलं ते तिनं अत्यंत प्रेमानं घडवलं.

"फळ्याला परवानगी आहे का?"

"तेच विचारायला आलेय मॅडम. असेल तर त्याची प्रत पाहिजे."

तिनं रजिस्टर बघितलं, दुसरं बघितलं, कॉम्प्युटरात बघितलं. "नाही बाई. कधीपासून आहे फळा?"

"बावीस वर्षं झाली," मी अभिमानानं सांगितलं.

"म्हणजे बावीस वर्षं अनधिकृत. भिंत कुणाची?"

"टाकीची."

"म्हणजे आमचीच की. बरं झालं सांगितलंत. आमच्या माहितीतच नव्हतं हे." ती म्हणाली, काळजी करू नका, रीतसर अर्ज करा, नियमात बसत असेल तर होऊन जाईल. मी तिथंच बसून रीतसर अर्ज केला. फळ्याची लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची, चतुःसीमा. पुरावा म्हणून निवडक चाळीस फोटो जोडले. चोरीचा माल कुठं आहे ते चोरानं नकाशा काढून पोलिसांना द्यावं, इतकं सुबक काम मी करून दिलं. पोच घेतली आणि येताना स्वतःला बक्षीस म्हणून एक ग्लास उसाचा रस प्याले.

घरी आप्पांना सांगितलं. आमचे आप्पा, म्हणजे बसलिंगप्पा, तीस वर्षं पोस्टात होते. त्यांनी ताटातली भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

"विचारायला गेलीस?"

"हो."

"लेखी?"

"हो आप्पा. पोचही आहे."

आप्पांनी आईकडं बघितलं आणि म्हणाले, "एवढं शिकवायला नको होतं."

आठ दिवसांनी एक माणूस आला आणि त्यानं नोटीस चिकटवली. कुठं? फळ्यावरच. सदर फलक सात दिवसांत काढून घ्यावा, अन्यथा जप्त करण्यात येईल, संदर्भ, आपला दिनांक अमुकचा अर्ज. खाली अर्जदार म्हणून माझं संपूर्ण नाव. त्या दिवशीची बातमी नोटिशीखाली झाकली गेली होती. काकांनी नोटीस शांतपणे वाचली, स्टूल आणलं आणि उरलेल्या जागेत लिहिलं, 'वरची बातमी खरी आहे. सात दिवस.'

माझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी त्यांच्या पाया पडले, रडले. ते म्हणाले, "उठ. त्यांची भिंत हाय, मागत्यात." मी अर्ज मागं घ्यायला गेले. रेश्मा मॅडमला खरंच वाईट वाटलं. ती म्हणाली, अर्ज मागं घेता येतो, पण माहिती मागं घेता येत नाही. फळा आहे हे आता ऑफिसला कळलंय, ते न कळल्यासारखं कसं करणार?

मग गल्ली माझ्या मदतीला धावली. आमची गल्ली मदतीला धावली की माणसानं दार लावून घ्यावं, हे मला अनुभवानं कळलं. आप्पांनी पोस्टाच्या पद्धतीनं सुचवलं, की साहेब बदलेपर्यंत पत्रव्यवहार चालू ठेवायचा. कुणी म्हणालं उपोषण, पण बसणार कोण यावर एकमत होईना, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. शेवटी फुलाबाई पदर खोचून म्हणाल्या, "अगं पोरी, डोकं हाय का न्हाई? देव बसीव की तितं! देवाला हात लावतंय का कुनी?"

याला आमच्याकडं परंपरा आहे. ज्या जिन्याच्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकतात, तिथं आम्ही देवांच्या फरश्या बसवतो. ज्या भिंतीशी गडी माणसं उभी राहतात, तिथं सगळ्या धर्मांची चिन्हं ओळीनं रंगवतो. स्वच्छतेचं निम्मं खातं आम्ही देवाकडं सोपवलंय. त्यामुळं फुलाबाईंचं म्हणणं कुणालाही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट मी म्हणाले, "वा!"

गल्लीतल्या अजिनाथचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि कुठल्याही कार्याला तो एका पायावर तयार असतो. "ताई, काय टेन्शन घेऊ नका. सगळं माझ्याकडं लागलं," असं म्हणून तो अक्कलकोटला गेला आणि स्वामींची भली मोठी तसबीर घेऊन आला. सातव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, फळ्याच्या मधोमध चार खिळे ठोकून तसबीर बसली. हार, नारळ, उदबत्ती. काका त्या वेळी स्टूल हातात घेऊन उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातातून ते स्टूल घेतलं आणि त्यावर समई ठेवली.

साडेअकराला अतिक्रमण पथकाची गाडी आली. पाच माणसं उतरली, एकाच्या हातात पहार. भिंतीपाशी आली, थबकली, पाचही जणांनी चपला काढल्या. पहारवाल्यानं पहार गाडीत नेऊन ठेवली आणि येऊन डोकं टेकवलं. फुलाबाईंनी सगळ्यांना खोबऱ्याचा प्रसाद दिला. पथकप्रमुखानं तिथंच पंचनामा लिहिला. त्याची प्रत अर्जदार या नात्यानं मला मिळाली. 'सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता फलक आढळून आला नाही. देवस्थान आढळून आले.'

अशा रीतीनं मला हवा असलेला कागद मिळाला. सर म्हणाले, शिक्का आहे ना, मग लाव.

फळा वाचला म्हणून गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कॅमेरा घेऊन गेले. काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं, आणि निम्म्या गल्लीला कळलंच नाही, कारण पाण्याची वेळ काका लिहायचे. मग अजिनाथनं मोबाइलवर 'स्वामी फलक परिवार' असा ग्रुप काढला. त्यावर रोज पहाटेपासून फुलांची आणि दिव्यांची साठेक चित्रं येतात. त्यात कुठंतरी पाण्याची वेळ असते. पुढच्या आठवड्यात भिंतीपुढं पत्रे आले, मग लोखंडी जाळी, मग घंटा, मग फळ्यावर पांढऱ्या फरश्या. 'खोटं असल्यास पुसावे' फरशीखाली गेलं. फडक्याचं काय झालं मला माहीत नाही.

मी काकांच्या घरी गेले. ते दारात बसून लसूण सोलत होते.

"काका, जाळीच्या बाजूला दोन फूट जागा आहे. अजिनाथ म्हणतो, तिथं छोटा फळा लावून देतो. लिहा ना."

"नगं."

"रागावलात माझ्यावर?"

"न्हाय गं. ऐक. आता मी तितं काय बी लिवलं, तर पुसंल का कुनी? देवाम्होरं लिवल्यालं कोन पुसतंय? लोक म्हनतील, खरंच आसंल." त्यांनी पाकळ्या वाटीत टाकल्या. "पुसनारं कुनी नसलं की लिवनाऱ्याचा हात सुटतो. मला माजाच भरवसा न्हाय."

"मग दुसऱ्या भिंतीवर?"

"अर्ज करतीस?" ते म्हणाले. चेष्टेत म्हणाले असतील. मला मात्र जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायची माझी इच्छा नाही. लघुप्रबंधाचा शेवटचा भाग लिहायचा राहिला होता, 'फलक बंद पडण्याची कारणमीमांसा'. मी तीन दिवस कोऱ्या पानापुढं बसले. चौथ्या दिवशी लिहिलं, 'समाजमाध्यमांच्या वाढत्या आक्रमणापुढे हे पारंपरिक माध्यम टिकाव धरू शकले नाही.' त्यापुढं चार तक्ते काढले. अर्जाचा उल्लेख केला नाही. सर म्हणाले, हा निष्कर्ष फार मार्मिक आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली. मला पहिला वर्ग मिळाला.

बांधलेली प्रत मी काकांना नेऊन दिली. का दिली? मला वाटलं ते वाचणार नाहीत. त्यांनी दोन दिवसांत बासष्ट पानं वाचली आणि प्रत परत आणून दिली.

"छपाई सुबक हाय."

"आणि काका?"

"शेवटाला मोबाइलचं लिवलंयस."

"हो."

"बरं," असं म्हणून ते गेले. नाटकातल्यासारखं रागावले असते, प्रत फेकली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. 'बरं'ला काय बोलणार? त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं लग्नाचा विषय काढल्यामुळं.

दिवाळीनंतर देवस्थानाला तीन महिने झाले म्हणून अजिनाथनं कार्यक्रम ठेवला. फ्लेक्स लागला. त्यावर स्वामी, नगरसेवक, अजिनाथ, आणि अजिनाथच्याच आकाराची मी. खाली लिहिलेलं, 'संस्थापिका कु. महेश्वरीताई यांचा जाहीर सत्कार'. मी धावत दुकानात गेले. अजिनाथ म्हणाला, "ताई, खरंच आहे की. तुम्ही अर्ज केला नसता तर देव आले असते का हितं?"

संध्याकाळी सहाला मला व्यासपीठावर बसवून फेटा बांधला. बांधणारा माणूस लग्नातला होता, त्यानं सवयीनं नवरदेवाचा बांधला. तो डाव्या भुवईवर उतरत होता. समोर अख्खी गल्ली होती. आप्पा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, आणि इंद्रजीत सरही आले होते. शेवटच्या रांगेत, टाकीच्या कट्ट्याला टेकून, गुरप्पाकाका होते. अजिनाथनं माइक माझ्या हातात दिला. "ताई, दोन शब्द."

मी घरून छान भाषण लिहून आणलं होतं. कागद उघडला. पहिलंच वाक्य होतं, 'आज मला अत्यंत आनंद होत आहे.' ते मला वाचता येईना. मी कागद मिटला.

"इथं फळा होता," मी म्हणाले. "तो मोबाइलमुळं बंद पडला नाही. मी झोन ऑफिसात अर्ज केला म्हणून बंद पडला. मला परिशिष्टाला कागद पाहिजे होता. प्रबंधात मी खोटं लिहिलंय. सर बसलेत समोर, त्यांनाही सांगते, खोटं लिहिलंय. गुरप्पाकाकांचा फळा मी घालवला."

फेटा डोळ्यावर आला होता. मी तो वर सारला.

मग अजिनाथनं माइक घेतला आणि म्हणाला, "बघा! एवढं मोठं काम करून माणसानं किती नम्र असावं!" आणि टाळ्या पडल्या. अशा टाळ्या की पत्रे वाजले. फुलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. आप्पांची छाती फुगली होती. सर शेजारच्याला म्हणाले, "माझी विद्यार्थिनी." नगरसेवकांनी नारळ दिला. मी "नाही हो, खरंच, ऐका ना," असं म्हणत होते, आणि प्रत्येक 'नाही'ला टाळ्या वाढत होत्या.

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. तो उठला आणि चालू लागला.

मी नारळासकट, फेट्यासकट व्यासपीठावरून उडी मारली आणि त्यांच्यामागं पळाले. रिक्षा स्टँडपाशी गाठलं.

"काका, मी खरं सांगितलं."

"व्हय. ऐकलं की."

"कुणाला पटलंच नाही. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

मला हुंदका आवरेना. रिक्षावाले बघत होते. काकांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि काखेत धरला, रडताना अडचण होऊ नये म्हणून असेल. मी मोकळी होईपर्यंत ते उभे राहिले.

"मी बावीस वरसं लिवलं," ते म्हणाले, "तुला काय वाटतंय, पयल्या दिशी पटत हुतं व्हय कुनाला?"

"मग काय करायचं?"

"उद्या परत सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फुलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या सडा टाकत होत्या. "ये की गं, चा घेतीस?" म्हणाल्या. मी म्हणाले, चहा नंतर, आधी ऐका, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.